रक्तातले लोह आणि शून्याचा अर्थ

फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन निघालेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर लोटले जाते. ऑक्सिजन सोडून परतणारे हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जाते. ही ओढ अगदी क्षीण असते, त्यामुळे चुंबकी कडी विकणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी 1936 मध्ये हा फरक मोजला. ऑक्सिजन नसताना दर लोहअणूवर चार एकटे, म्हणजे जोडी नसलेले, इलेक्ट्रॉन, ऑक्सिजन बसल्यावर शून्य. ऑक्सिजनच्या मोकळ्या रेणूवरही दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे तोही चुंबकीयच. दोन चुंबकीय घटक एकत्र आले आणि चुंबकत्वच नाहीसे झाले! जीवशास्त्राची पुस्तके मात्र ‘लोह फेरसच राहते, ऑक्सिजन नुसता जोडला जातो’ एवढे सांगून पुढे सरकतात. हे विधान मोजमापातून सिद्ध होत नाही आणि इतक्या ठामपणे शिकवले जाऊ नये.

चुंबकीय मोजमाप फक्त बेरीज सांगते. रस्सीखेचीत दोर जागचा हलला नाही, म्हणून दोन्हीकडे कुणी ओढतच नाही असे ठरत नाही. पॉलिंग यांनी शून्याचा अर्थ ‘सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसले’ असा लावला. रसायनशास्त्रज्ञ वाईस यांनी 1964 मध्ये वेगळा अर्थ मांडला: लोहाचा एक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जातो, लोह फेरसचे फेरिक होते आणि ऑक्सिजन सुपरऑक्साइड नावाचा मूलक, म्हणजे रॅडिकल, बनतो. दोघांवर एकेक एकटा इलेक्ट्रॉन उरतो, पण त्यांचे चुंबकत्व परस्परविरुद्ध दिशांना असल्याने बेरीज शून्यच येते. यांत निवाडा करणे एकट्या चुंबकाला जमत नाही. तिथे अवरक्त किरण कामी येतात. दर सेंटीमीटरला लहरी या मापात मोकळ्या ऑक्सिजनच्या कंपनाचा आकडा 1550 च्या पुढे असतो, सुपरऑक्साइडचा 1100 च्या आसपास. हिमोग्लोबिनमधल्या ऑक्सिजनचा आकडा सुमारे 1107 भरतो. शिवाय थोडे हिमोग्लोबिन शरीरात सतत आपोआप मेटहिमोग्लोबिन या फेरिक रूपात बदलत असते, तेव्हा ऑक्सिजन सुटतो तोही सुपरऑक्साइडच्या रूपात.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांचा असेल. मेटहिमोग्लोबिनमधले लोह फेरिक असते आणि ते ऑक्सिजन धरू शकत नाही. मग निरोगी रक्तातही फेरिक लोह असते असे सांगितल्यास विद्यार्थी गोंधळणार नाहीत का? फरक सांगितला तर नाहीत. मेटहिमोग्लोबिनमध्ये इलेक्ट्रॉन निघून गेलेला असतो, इथे ऑक्सिजन सुटताना तो लोहाकडे परततो. दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: दोन विरुद्ध चुंबकत्वे असतील तर उष्णतेने ती थोडी तरी मोकळी व्हायला हवीत. पण त्यांच्यातले बंधन घट्ट असेल तर शरीराची ऊब त्याला पुरत नाही. हॉर्सरॅडिशच्या मुळातल्या पेरॉक्सिडेज विकराच्या एका मधल्या अवस्थेत लोह आणि त्याभोवतीच्या वलयावरचा मूलक यांचे बंधन सैल असते, आणि तिथे चुंबकत्व खरोखरच शिल्लक दिसते. तिसरा आक्षेप मात्र मला बराचसा मान्य आहे. आधुनिक गणितानुसार हिमोग्लोबिनमध्ये दोन्ही चित्रांचे मिश्रण आहे, त्यामुळे वाईस यांचे चित्रही अखेरचे नव्हे. पण मग ‘फेरसच’मधला ‘च’ त्याहून कमी टिकतो.

पाठ्यपुस्तक मंडळांनी बारावीच्या पुस्तकात ‘लोह फेरसच राहते’ हे एक वाक्य बदलावे: मोजलेले शून्य आधी द्यावे, त्याचे दोन्ही अर्थ नंतर, आणि अवरक्त किरणांचे आकडे त्यांच्या शेजारी छापावेत.