नाताळचा कपडा रविवारीही घालता यावा

नाताळ जवळ आला की पेडणे, डिचोलीतली आपली कुटुंबं खरेदीसाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठतात. खरेदीला विरोध नाही. पण मध्यरात्रीच्या मिस्सेला एकदा घातलेला झगमगीत फ्रॉक पुढे कधी दिसतो का? जाळीचा, टिकल्यांचा कपडा अंगाला टोचतो, म्हणून तो कपाटात जातो. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते आणि पुढच्या नाताळाला तो मुलीला होतही नाही.

घेताना कपडा उलटा करून शिवण बघा. आत कापड राखलेलं असेल तर उसवून वाढवता येतं. आपल्या दमट हवेला सुतीच बरं. आणि स्वतःला विचारा, हा मी साध्या रविवारी घालीन का? नसेल, तर स्वस्तातला असला तरी तो महागच.

गेल्या नाताळाला ओळखीची एक बाई मिस्सेला आली नाही. विचारलं तर म्हणाली, ‘‘पैसे मुलांच्या कपड्यांतच संपले. मी जुन्या साडीत कशी येऊ?’’ देवाच्या घरी आपण एकमेकांचे कपडे बघत बसतो, म्हणूनच ती घरी राहिली. सांजांवला आपण विहिरीत उड्या मारतो. पण दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, हे त्याच योहानाचं सांगणं मात्र विसरतो.

यंदा मी गेल्या वर्षीचीच साडी धुऊन, इस्त्री करून नेसणार आहे. तिलाही सांगितलंय, जुन्या साडीतच ये, आपण शेजारी बसू.

– एक वाचक, पेडणे