हिशेब फक्त घेणाऱ्यानेच द्यायचा?

मैत्रिणींनो, परदेशात मानवी हक्क आणि लोकशाहीच्या कामासाठी अमेरिकेचं सरकार वर्षानुवर्षं अनुदान देत आलं. १९६१ साली स्थापन झालेली ‘यूएसएड’ ही त्यातली मोठी यंत्रणा. हा पैसा असाच हातावर पडत नाही बरं का! अंदाजपत्रक, पावत्या, अहवाल, ऑडिट सगळं चोख लागतं. कित्येक संस्था आधी खर्च करायच्या, मग बिल पाठवायच्या.

२० जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवस रोखली. ‘काम थांबवा’ अशी पत्रं गेली. झालेल्या कामाचेही पैसे अडकले. मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सरकारची स्थगितीची मागणी फेटाळली. पण त्याच महिन्यात यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं. १ जुलैला उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं.

मदत द्यावी की नाही, हे त्या देशाने ठरवावं. पैसा त्यांच्या करदात्यांचा. पण हक्कांचं काम अर्ध्यावर सोडलं, तर धीर करून तक्रार द्यायला पुढे आलेली बाई एकटी पडते. बचत गटात आपण रुपयान्‌रुपयाचा हिशेब मागतो. देणाऱ्याकडून दिलेल्या शब्दाचाही हिशेब मागायला नको का? आणि संस्थांनीही एकाच दात्याच्या भरवशावर संसार मांडू नये.