सुट्टीत नाहीसा होणारा खोकला

आमच्या मयेच्या घरी चवथीला सगळे जमतात. गेल्या वर्षी माटोळी बांधायला मावसभाऊ स्टुलावर चढला, तेव्हा त्याचा नेहमीचा खोकला ऐकू आला नाही. "दादा, औषध बदललंस?" मी विचारलं. "नाही रे, रजेवर असलो की बरं असतं."

दादा डिचोलीला एका बेकरीत मैदा चाळण्या-मळण्याचं काम करायचा. दोन वर्षं रात्री खोकला, छातीत घरघर. आधी सर्दीची औषधं झाली, मग दम्याचा पंप आला. पण कामाचं कोणी नीट विचारलं नव्हतं. इटलीचे डॉक्टर रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात रोग्याला त्याचा धंदाही विचारा, असं सांगितलं होतं. पिठाने बेकरीवाल्यांना होणारा त्रासही त्यात आहे.

आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पीक फ्लो मीटर घ्यायला सांगितलं. जोरात फुंकलं की श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते हे छोटं यंत्र दाखवतं. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी तीनदा फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस, दोन्ही हवेत. प्रोग्रॅममधली चूक शोधताना ती कधी येते आणि कधी येत नाही, हे मी आधी लिहून काढतो. इथेही तेच. चार आठवड्यांचा आलेख मी काढला. सुट्टीत ४३० च्या आसपास असलेला आकडा कामाच्या आठवड्यात ३२० पर्यंत उतरत होता. पुढे रक्ताच्या तपासणीत गव्हाच्या पिठाची ॲलर्जी दिसली.

त्रास कामावरून आल्यावर, रात्रीही होतो. शिवाय वर्षानुवर्षं काही न होता अचानक सुरू होतो. म्हणून कामाचा संशय येत नाही. दादाला मात्र संशय होता. "सांगितलं असतं तर नोकरी गेली असती," तो म्हणाला. घरी दोन मुलं शिकताहेत.

डॉक्टरांनी बजावलं होतं, नोंदी पूर्ण होण्याआधी घाईने काम सोडू नका, नाहीतर निदान अवघड होतं. पण दम फार लागला तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. निदानाचा कागद दाखवल्यावर मालकाने त्याला पिठापासून दूर, पाव पोचवण्याच्या कामावर घेतलं. पंप अजून आहे, पण रात्री झोप लागते. धुळीपासून जितक्या लवकर दूर जावं, तितकं बरं होण्याची शक्यता जास्त.

गाड्यांना स्प्रेने रंग देणारे, लाकूड कापणारे, औषध कारखान्यात काम करणारे यांनाही असा दमा होऊ शकतो. तुमच्या घरी कोणी खोकत असेल, तर एवढं विचारा: रजेवर असताना बरं वाटतं का?