मोटारीतील ध्वनी : बारदान वगळून वजन पाहावे



२०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यात आपल्या शहरातील उद्योजक व व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज मोटारींची एकगठ्ठा खरेदी केली आणि तेव्हाच्या औरंगाबादचे नाव देशभर गाजले. तेव्हाच्या मोटारींची पंधरा वर्षांची नोंदणी आता संपत आली वा संपली आहे. नूतनीकरण करून मोटार ठेवायची असे ज्या घरांत ठरते, तेथे इंजिन व टायर यांच्यामागोमाग आणखी एक तक्रार पुढे येते : स्पीकर खरखरतात, शब्द नीट ऐकू येत नाहीत.

स्पीकरच्या पडद्याभोवतीची कडा पुष्कळदा फोमची असते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीत त्याहून कितीतरी अधिक. अशा उष्णतेने फोम ठिसूळ होऊन फाटतो. नवा स्पीकर घेताना रबरी कडेचा घ्यावा. तो अधिक टिकतो.

मात्र खरेदीपूर्वी दोष कोठे आहे ते तपासावे. यंत्रावरील डावे-उजवे आणि पुढचे-मागचे नियंत्रण फिरवून एकेक स्पीकर स्वतंत्र ऐकावा. एकच खरखरत असेल तर चारही बदलण्याचे कारण नाही. चारही खरखरत असतील तर दोष बहुधा यंत्रात, जोडणीत किंवा मूळ ध्वनिमुद्रणातच असतो. दाराचे पत्रे किंवा प्लास्टिक थरथरत असेल, तर स्पीकर निर्दोष असूनही दोष त्याच्या माथी येतो.

आता दुकानातील भाषा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३०० वा ४०० वॅट छापलेले असते. ते क्षणभराचे कमाल माप होय. धान्याच्या व्यवहारात बारदानासह वजनाला कोणी पैसे मोजत नाही. तसेच येथेही निव्वळ वजन विचारावे. त्याचे नाव ‘आरएमएस’, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकेल ती शक्ती. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा, डेसिबलमध्ये दिलेला. त्यात तीनचा फरक पडला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते. ८९ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागत असतील, तर ९२ डेसिबलचा तेच काम २० वॅटमध्ये करतो. मोटारीतील मूळ यंत्राची शक्ती बेताचीच असल्याने, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा नसेल तर हा आकडा अधिक महत्त्वाचा. तिसरा आकडा ओहमचा. बहुतेक स्पीकर चार ओहमचे असतात, परंतु काही मोटारींत मूळ स्पीकर दोन ओहमचे असतात. यंत्राला झेपेल त्याहून कमी ओहमचा स्पीकर जोडल्यास ते तापून बिघडू शकते. तेव्हाच्या अनेक आलिशान जर्मन मोटारींत यंत्र व अ‍ॅम्प्लिफायर यांची जोडणी प्रकाशतंतूंची असते. तेथे जाणकाराशिवाय हात घालू नये.

बसविताना मूळ तारा कापू देऊ नयेत. त्या मोटारीसाठी मिळणारा जोड वापरावा. पावसाळ्यात काचेवरून पाणी दाराच्या आत उतरते व तळाच्या छिद्रांतून निघून जाते. थरथर थांबविणारे थर चिकटविताना ती छिद्रे बुजता कामा नयेत. पुढच्या खांबात एअरबॅग असेल तर त्याच्या आड लहान स्पीकर बसवू नये. मागच्या फळीवर सुटी पेटी ठेवणे धोक्याचे. जोराने ब्रेक लागताच ती पुढे फेकली जाते. पक्के बिल व लेखी हमी घ्यावी आणि काढलेले स्पीकर जपून ठेवावेत.

शेवटचा मुद्दा कानांचा. समृद्धी महामार्ग काँक्रीटचा आहे; वेगाने जाताना टायरांची घरघर वाढते आणि ती झाकण्यासाठी हात आपोआप आवाज वाढवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकू नये. मुलांसाठी ही मर्यादा ७५ आहे. म्हणून आधी दारांची झिजलेली रबरे बदलावीत. खर्च थोडा आणि लाभ मोठा.

घरातील वडीलधारी मंडळी मागे बसतात. वयानुसार प्रथम उच्च स्वर ऐकू येईनासे होतात आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारख्या वर्णांची ओळख त्याच स्वरांवर अवलंबून असते. त्यांना प्रवचन वा बातम्या समजाव्यात असे वाटत असेल, तर दणदणाट करणाऱ्या मोठ्या पेटीपेक्षा मागच्या दारांत उच्च स्वर स्वच्छ देणारा साधा कोअ‍ॅक्सिअल स्पीकर उपयोगी पडतो. दुकानात निवड करतानाही गाण्याऐवजी मानवी वाणी ऐकावी, आणि मागच्या आसनावर त्यांनाच बसवून ऐकवावी. मात्र घरात दूरदर्शनचा आवाजही त्यांना वाढवावा लागत असेल, तर दुकानाआधी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्यावे. हा खर्च लांबणीवर टाकू नये.