‘दूध उतरतंय’

माझ्या चुलत बहिणीला पाचव्या महिन्यात डाव्या स्तनात गाठ हाताला लागली, सुपारीएवढी. सासूबाई म्हणाल्या, दूध उतरतंय. लेडी डॉक्टर मुद्दाम शोधून गाठली होती, तिनेही हात न लावता तेच सांगितलं. आठव्या महिन्यात गाठ लिंबाहून मोठी झाली, तेव्हा कुठे सोनोग्राफी ठरली. तीही आठवडाभर लांबली, कारण सोनोग्राफी करणारा पुरुष होता. पोटाची सोनोग्राफी तोवर त्यानेच तीनदा केली होती! जिवाची निकड असेल तर पुरुष डॉक्टरने तपासायला शरीयतची मनाई नाही, हे आलिम कितीदा सांगतात. आपल्याला मात्र ते वेळेवर आठवत नाही.

सासूबाईंवर माझा राग नाही. गरोदरपणात तुकडा घेऊन तपासलेल्या दहा गाठींपैकी आठेक साध्याच निघतात. पण उरलेल्या कोणत्या, हे तपासल्याशिवाय कसं कळणार?

बहिणीची गाठ ‘फायलोडीस’ निघाली. स्तनाच्या गाठींत शंभरात एकही नसते, इतकी दुर्मीळ. कापल्यावर पानांसारख्या घड्या दिसतात म्हणून योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ साली ग्रीक भाषेतल्या ‘पान’ या शब्दावरून तिला हे नाव दिलं. सोनोग्राफीत ती साध्या फायब्रोअडिनोमासारखीच दिसते. भराभर वाढणं ही तिची खूण, पण गरोदरपणात साध्या गाठीही वाढतात. खरा चकवा इथेच आहे. बारीक सुईने काढलेल्या पेशीही फसवतात, कारण या काळात स्तनाच्या पेशी मुळातच बदललेल्या असतात. म्हणून जागा बधिर करून जाड सुईने तुकडा घ्यायचा. त्याने बाळाला धोका नसतो. आणि पॅथॉलॉजिस्टच्या कागदावर ‘गरोदर, आठवा महिना’ असं लिहायचं. बहिणीच्या कागदावर तेवढंच राहिलं होतं. पॅथॉलॉजिस्टने स्वतः फोन करून विचारलं, म्हणून निभावलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्याच भेटीत पोटाबरोबर स्तनही तपासावेत आणि दोन आठवडे टिकलेली गाठ बाळंतपणापर्यंत थांबवू नये. बहिणीच्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळ्यांचे रकाने होते. हा नव्हता.

तिची गाठ कडेच्या चांगल्या भागासकट काढली, सौम्य प्रकारची होती. पण ही जात पुन्हा उगवू शकते, म्हणून तपासणी चालूच आहे. गेल्या खेपेला सासूबाई नातीला कडेवर घेऊन सोबत गेल्या होत्या.