मनाच्या दुखण्यावर बोलण्याचें औषध

टोमॅटोचा भाव कोसळला म्हणजे नारायणगांवच्या बाजारांतून शेतकरी रित्या हातानें परततो. बहुतेक जण चार दिवस हळहळून पुन्हां कामास लागतात. परंतु एखाद्याची झोंप उडते, अन्नावरची वासना जाते, तो शेतावर जाणें सोडतो, आणि ‘मी नालायक आहें, माझ्या हातून आतां कांहींच व्हावयाचें नाहीं,’ ह्या एकाच विचारानें आठवडेच्या आठवडे ग्रासला जातो. आपण त्यास आळशी म्हणतों, ‘मन घट्ट कर’ असा उपदेश करतों, किंवा देवऋष्याकडे नेतों. वस्तुतः हा नैराश्य नांवाचा रोग होय. आणि त्यावर उपाय आहे.

अमेरिकेंतील डॉ. आरन बेक ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत जी उपचारपद्धति बसविली, तिला आज सीबीटी म्हणतात. तिचें मर्म असें कीं, विचार, भावना व वर्तन हीं एकमेकांस ओढीत असतात. उपचारक उपदेश करीत नाहीं, तो विचारतो, “एक पीक बुडालें, ह्यावरून सारा जन्म फुकट गेला असें कशावरून?” मग रोगी स्वतःच पुरावा तपासूं लागतो. त्याजबरोबर रोज एखादें लहानसें काम ठरवून केलें जातें: सकाळीं बांधापर्यंत जाऊन येणें, मित्रास भेटणें. कृतीमागून उमेद येते.

“इतके तज्ज्ञ खेड्यांत कोठून आणावे?” असा आक्षेप कोणी घेईल. त्याचें उत्तर गोव्यानें दिलें आहे. तेथील ‘संगत’ संस्थेनें मानसोपचाराचें पूर्वशिक्षण नसलेल्या माणसांस तयार करून, प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील तीव्र नैराश्याच्या रोग्यांस ह्याच जातीचा, वर्तनावर भर देणारा, सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. ४९५ रोग्यांवरील ह्या प्रयोगाचा वृत्तांत २०१७ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें छापला गेला. तीन महिन्यांनीं पाहतां, नेहमींच्या उपचारानें शेंकडा सुमारें ३९ जण रोगमुक्त झाले होते. ह्या भेटींची जोड मिळालेल्यांत शेंकडा सुमारें ६४.

म्हणून जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील प्रत्येक आरोग्यकेंद्रांत अशी शिकविलेली माणसें असावींत, असें आमचें स्पष्ट मत आहे. ओतूरच्या वा घोडेगांवच्या रोग्यास ह्यासाठीं पुण्याची वाट धरावी लागूं नये. कित्येकांस औषधेंही लागतात. तीं डॉक्टरांनींच द्यावींत. कोणी जिवाचें बरेंवाईट करण्याचें बोलूं लागला, तर त्यास एकटें न सोडतां तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. २०२२ सालीं सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ ह्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही प्रत्येकानें ध्यानीं ठेवावा.

विद्यार्थिमित्रांनो, घरांत कोणी असा मुका झाला, तर ‘मन घट्ट कर’ हे तीन शब्द गिळून टाका. त्याजजवळ बसा, आणि “काय होतें आहे?” एवढेंच विचारून ऐकत राहा. उपचाराची पहिली पायरी तीच होय.