जीर्णोद्धार की पाषाणद्रोह?

गेल्या कार्तिकात अंत्रुज महालातील एका देवस्थानच्या महाजनांच्या सभेस उपस्थित राहण्याचा योग आम्हांस आला. देवस्थानचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. कारण तेथे जे घडले ते आज गोमंतकात, बेळगावकडे आणि दूर माळव्यापर्यंत कोठेही घडू शकते, किंबहुना घडत आहे. सभेपुढे महत्त्वाचा असा एकच ठराव होता. सभामंडपातील काळ्या दगडाची जुनी फरसबंदी उखडून तेथे चकचकीत काळे ग्रॅनाइट घालावे, गर्भकुडीत पांढरा संगमरवर बसवावा, चिऱ्यांच्या भिंतींवरील पोपडे आलेला चुना खरवडून त्यांना सिमेंटचा गिलावा द्यावा आणि प्राकारातील मोकळी जमीन लाद्यांनी मढवून टाकावी. तळीचा तळ तर तीन वर्षांपूर्वीच सिमेंटने बांधून झाला होता. या सर्वांस 'जीर्णोद्धार' असे नाव दिले होते. एक वृद्ध महाजन उठले आणि म्हणाले, "आमच्या आज्यान घाल्ले फातर काडटात कित्याक?" त्यावर समितीच्या एका तरुण सभासदाने हसत उत्तर दिले, "आजोबा, तो साधा दगड आहे. हे ग्रॅनाइट आहे." सभा हसली आणि वृद्ध गृहस्थ खाली बसले. निर्णय मात्र चैत्रातील सभेवर ढकलला गेला, तेवढीच देवाची कृपा.

साधा दगड म्हणजे काय, हे त्या सभेत कोणी विचारले नाही. आम्ही ते येथे विचारणार आहोत.

सभामंडपातील तो काळा, बारीक कणांचा, टाकीचा घाव बसताच खणखणीत नाद देणारा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. तो घाटाकडून आणलेला असला पाहिजे. कारण गोमंतकाचा बहुतेक भूभाग याहून कितीतरी जुन्या खडकांचा आहे आणि बेसॉल्टचे थर आपल्याकडे ईशान्येच्या कोपऱ्यातच काय ते डोकावतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला लांबलचक भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस वाहू लागला. थरावर थर साचले, आणि एवढी झीज होऊनही आज त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश झाकलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यांसारखे जे आडवे टप्पे दिसतात ते हेच थर होत. बेळगाव या आच्छादनाच्या दक्षिण कडेवर वसले आहे, इंदूर त्याच्या माळव्याकडील अंगावर. आणि बडोद्याचे आमचे वाचक कालिकामातेच्या दर्शनास ज्या पावागडावर चढतात तो डोंगरही याच अग्निकांडाचा अवशेष आहे.

हे घडले तेव्हा आपली भूमी आजच्या जागी नव्हती. पृथ्वीचे कवच अखंड नसून मोठमोठ्या भूपट्टांचे बनलेले आहे आणि हे पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकत असतात. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली खंडे सरकतात असे सांगितले तेव्हा विद्वानांनी त्यांची थट्टाच अधिक केली. भूपट्टांचा सिद्धान्त सर्वमान्य व्हावयास १९६० चे दशक उजाडावे लागले. (सभेतील त्या वृद्ध महाजनांना हे ऐकून थोडे बरे वाटेल.) भारताचा पट्ट सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटला आणि उत्तरेकडे निघाला. आज हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे त्या परिसरातील एका उष्णस्थानावरून तो जात असता आपल्या दख्खनचा शिलारस उसळला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पुढे हा पट्ट आशियाला भिडला आणि हिमालय उभा राहिला. म्हणजे ज्या फरशीवर बसून आपण आरती म्हणतो ती फरशी हिमालयाहून वडील आहे, आणि तिचा जन्म विषुववृत्ताच्या पलीकडचा आहे. हिला समिती 'साधा दगड' म्हणते!

बरे, तिच्या जागी येणार काय? बाजारात 'काळे ग्रॅनाइट' म्हणून जे विकले जाते ते भूशास्त्राच्या दृष्टीने बहुधा ग्रॅनाइटच नसते. खरे ग्रॅनाइट फिकट करडे वा गुलाबी असते आणि त्यात गारगोटीचे दाणे नुसत्या डोळ्यांना दिसतात. हैदराबादचे वाचक आपल्या शहराभोवतीच्या अजस्र गोल शिळांत ते रोज पाहतात. आपल्याकडे पारोड्याच्या चंद्रनाथ पर्वतावर, जेथे चंद्रेश्वर भूतनाथाचे स्थान आहे, ग्रॅनाइटच्याच कुळातला खडक आहे आणि त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक मानले जाते. बाजारातली काळी लादी मात्र बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो या जातीची असते. बेसॉल्ट ज्या प्रकारच्या शिलारसापासून होतो त्याच प्रकारच्या रसापासून ती झालेली, भेद इतकाच की हा रस भूपृष्ठावर न येता जमिनीच्या पोटात सावकाश थिजला. म्हणजे घरातला दगड उखडून टाकावयाचा आणि त्याच्याच चुलत भावाला मोल देऊन पाटावर बसवावयाचे. त्याची चकाकी तर यंत्राने आणलेली असते, आणि श्रावणातील सोमवारी ओल्या पायांनी प्रदक्षिणा घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्या चकाकीचा प्रसाद कसा मिळतो हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

संगमरवराची गोष्ट याहून शोचनीय. संगमरवर हा सुंदर दगड आहे याविषयी वाद नाही. चुनखडीचा खडक भूगर्भातील उष्णतेने व दाबाने रूपांतरित होऊन तो बनतो. पण रूप पालटले तरी द्रव्य पालटत नाही. तो मुळात चुनाच. आंबट पदार्थाने चुना विरघळतो हे आपल्या घरातील कोणतीही गृहिणी सांगेल. आता गर्भकुडीत रोज काय सांडते? दही, पंचामृत, नारळाचे पाणी, लिंबाचा रस. संगमरवराच्या तुकड्यावर लिंबाचे चार थेंब टाकून पाहावे. बारीक बुडबुडे येतात आणि पुसल्यावर तेथे निस्तेज डाग उरतो. कडप्पा व शहाबादी फरशीही चुनखडीचीच, त्यामुळे तिचीही तीच गत. बेसॉल्टवर तेच थेंब टाकले तर धुऊन टाकण्यापलीकडे काही करावे लागत नाही. अभिषेकाच्या जागी काळा पाषाण घालणाऱ्या पाथरवटाने रसायनशास्त्राचे पुस्तक वाचले नसेल. त्याने दगड वाचला होता.

परंतु सर्वांत मोठा अन्याय होत आहे तो चिऱ्यावर. जांभा दगड आपल्याकडे इतका सुलभ की त्याचे कोणास कौतुक नाही. विहीर त्याची, गडगा त्याचा, घर त्याचे, देऊळही त्याचेच. उष्ण प्रदेशात लाखो वर्षे कडक ऊन आणि मुसळधार पाऊस आळीपाळीने खडकावर काम करीत राहिले म्हणजे त्यातील सिलिका, चुना, सोडा, पोटॅश ही द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात, आणि मागे लोह व ॲल्युमिनियम उरतात. लोह गंजते, चिऱ्याचा तांबडा-पिवळा रंग तो त्या गंजाचाच. फ्रान्सिस बुकानन हा इंग्रजी अमदानीतील प्रवासी मलबारात आला तेव्हा या दगडाचे त्याला मोठे नवल वाटले. खाणीत असताना हत्याराने सहज कापावा इतका मऊ आणि वाऱ्या-उन्हात राहिला की कठीण होणारा! लॅटिन भाषेत विटेला 'लेटर' म्हणतात, त्यावरून त्याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात याला 'लॅटेराइट' असे नाव दिले. जगाच्या भूशास्त्राने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ठेवलेले हे नाव आज सर्व खंडांत चालते. आपण मात्र तो दगड सिमेंटखाली लपवावयास निघालो आहोत.

चिरा हा छिद्रांचा दगड आहे. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पुढे आठ महिने ते हवेत सोडतो. गोमंतकात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा भिंतीत ओल येणारच. प्रश्न ती बाहेर कशी जाणार एवढाच आहे. चुन्याचा गिलावा ओलीला वाट देतो, स्वतः झिजतो, आणि दर काही वर्षांनी नवा द्यावा लागतो. सिमेंट ती वाट बंद करते. मग आत कोंडलेले पाणी क्षार घेऊन जिथे फट मिळेल तिथून निघते, क्षारांचे स्फटिक होताना चिऱ्याचे कण सुटतात, रंगाचे फुगे येतात आणि ठेकेदार म्हणतो, दगडच कुचका होता.

उलट बाजूचा धडाही जवळच आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बासिलिका १६०५ साली पुरी झाली; तिच्या चिऱ्यांवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीच्या जीर्णोद्धारकांनी दगड उघडा शोभून दिसतो म्हणून तो काढून टाकला. तेव्हापासून पाऊस त्या उघड्या चिऱ्यांना थेट झोडपतो आहे, आणि वास्तू झिजत असल्याची हाकाटी अलीकडे तेथील पाद्रीवर्गानेच केली आहे. वास्तू दुसऱ्या धर्माची असली तरी चिऱ्याला धर्म नाही. एकाने शोभेसाठी चुना काढला, दुसरा शोभेसाठी सिमेंट लावतो. दोघांनाही दगडाला विचारावेसे वाटले नाही.

आता तळीविषयी. देवालयाच्या वरचा सडा म्हणजे चिऱ्याची जाड चादर. सड्यावरचे पावसाचे पाणी छिद्रांतून खाली झिरपते. चादरीच्या तळाशी पांढरट चिकणमातीचा थर लागला की त्याला पुढे जाता येत नाही, आणि मग ते उताराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर पडते. आपल्या कितीतरी तळ्या आणि त्यांखालची कुळागरे अशाच झरांवर जगली. ज्या समितीविषयी आम्ही लिहीत आहोत तिने तळीचा तळ 'स्वच्छतेसाठी' बांधून काढला. त्यानंतरच्या पहिल्याच चैत्रात पाणी पायरीच्या खूप खाली गेले, दुसऱ्या वर्षी शेवाळले, आणि तिसऱ्या वर्षी कूपनलिका खणावी लागली. झर खालून येत होता. त्याच्या तोंडावरच आपण लादी बसवली! आता प्राकार मढवून उरलासुरला पाऊसही गटारात सोडण्याचा विचार आहे. वरच्या सड्यावर चिरेखाण सुरू झाली आहे, तिच्याविरुद्ध समितीने अद्याप एक अर्जही केलेला नाही. ती चादर एकदा कापून नेली की मनुष्याच्या हिशेबात पुन्हा तयार होत नाही.

आमच्या एका स्नेह्यांनी हे सारे ऐकून विचारले की, देवळातील दगडाची अशी चिरफाड केल्याने भाव कमी होत नाही काय? आम्ही त्यांच्या देवघरातील शाळिग्रामाकडे बोट दाखवले. काली गंडकीच्या पात्रात मिळणारा तो काळा गोटा फोडला असता आत जे चक्र दिसते ते कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या, शंखासारखे कवच असलेल्या ॲमोनाइट नावाच्या प्राण्याचा ठसा आहे. जेथे आज हिमालय आहे तेथे तेव्हा समुद्र होता. भारताचा पट्ट येऊन भिडला आणि समुद्राचा तळ पर्वत झाला. हे कळल्यानंतर ते स्नेही दुसऱ्या दिवशी पूजेस बसले ते नेहमीपेक्षा अधिक वेळ बसले, असे त्यांच्या पत्नी सांगतात. भाव कमी होण्याची भीती आम्हांस दुसरीकडून वाटते. आमच्या पूर्वजांना सगळे भूशास्त्र ठाऊक होते अशी व्याख्याने उत्सवात टाळ्या घेतात, आणि त्याच उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी त्याच पूर्वजांची फरसबंदी उखडण्याची निविदा निघते.

देणगीदारांची अडचण आम्ही जाणतो. चुना भरण्यास, कौले शाकारण्यास, पन्हळी साफ करण्यास कोणी देणगी देत नाही, कारण त्यावर नाव कोरता येत नाही. लादीवर येते. (ते नाव पुढे जन्मभर लोकांच्या पायांखाली येते, हा भाग वेगळा.) परंतु भिंतीची ओल थांबवावयाची असेल तर आधी छप्पर व पाण्याची वाट पाहावी लागेल, चुन्याचे काम जाणणारे जे थोडे गवंडी उरले आहेत त्यांना शोधावे लागेल, आणि तळीच्या तळाचे सिमेंट झराच्या तोंडापुरते तरी फोडावे लागेल. यास ठरावातील रकमेहून कमी पैसा पुरेल असा आमचा अंदाज आहे.

आमची लेखी हरकत चिटणिसांकडे पोहोचली आहे. चैत्रातील सभेस आम्ही जाणार आहोत, आणि जाताना नमुन्याच्या संगमरवराचा एक तुकडा, जुन्या फरशीचा एक कपचा आणि कुळागरातील दोन लिंबे बरोबर नेणार आहोत.